सीएसटीला न जाणारा सीएसटी रोड

मुंबईत पहिल्यांदा आलेला पाहुणा कुर्ल्यात हमखास चकतो. एलबीएस मार्गावरून कलिन्याकडे वळलं की दोन्ही बाजूंना गाड्यांच्या सामानाची दुकानं लागतात. सीट कव्हरं, हॉर्न, बंपर, आरसे. दुकानाच्या पाटीवर पत्ता असतो ‘सीएसटी रोड, कुर्ला पश्चिम’. पाहुणा खूश होतो आणि रिक्षावाल्याला म्हणतो, “म्हणजे सीएसटी इथून जवळच की! सोडता का?” रिक्षावाला हसतो. सीएसटी इथून रेल्वेने 15 किलोमीटर दूर, आणि दक्षिण मुंबईत रिक्षाला बंदी.

मग या रस्त्याला सीएसटीचं नाव कशाला? अनेक मुंबईकरही सांगतात की रस्ता फिरून फिरून शेवटी तिकडेच जात असेल. पण तारखा पाहिल्या की हा तर्क कोसळतो. व्हिक्टोरिया टर्मिनसचं नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं 1996 साली. हा रस्ता त्याच्या कितीतरी आधीपासून सीएसटी रोड होता. मुलगा बापाच्या आधी जन्मला असं तर होत नाही.

उत्तर वेगळंच आहे. इथलं सीएसटी म्हणजे ‘सेंट्रल साल्सेट ट्रामवे’. अंधेरीहून कुर्ल्यामार्गे ट्रॉम्बेला जाणारी ही रेल्वे 1928 साली सुरू झाली आणि 1934 साली बंद पडली. आयुष्य अवघं सहा वर्षांचं. रूळ गेले, स्टेशनं गेली, नावाची तीन अक्षरं तेवढी उरली.

एखादं रेल्वे स्टेशन का मरतं आणि एखादं का टिकतं, हे समजून घ्यायला ही तीन अक्षरं चांगली वाट दाखवतात. त्या वाटेवर मानखुर्दही लागतं. तेही कित्येक वर्षं रुळांचं शेवटचं टोक होतं. पण ते टिकलं.

साष्टी, तुर्भे आणि मधली रेल्वे

आधी नाव सोडवू. साल्सेट हे ‘साष्टी’चं परदेशी जिभेवर झालेलं रूप. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचा प्रदेश. वांद्र्यापासून वर घोडबंदरपर्यंत पसरलेलं हे मोठं बेट. त्याच्या पूर्वेला खाडीलगत ट्रॉम्बे, म्हणजे जुन्या मराठी बोलीतलं तुर्भे. मानखुर्दजवळच्या मंडाळे भागाला आजही कुणी ‘तुर्भे मंडाळे’ म्हणतं, ते याचमुळे. नवी मुंबईतलं तुर्भे निराळं.

‘ट्रामवे’ या शब्दाने मात्र फसायला नको. मुंबईकराच्या मनात ट्राम म्हणजे रस्त्याच्या मधून घंटी वाजवत जाणारी, 31 मार्च 1964 ला शेवटची धावलेली गाडी. ही तशी नव्हती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज जीआयपी, हिने चालवलेली ती एकेरी ब्रॉडगेज रेल्वे होती. लांबी साधारण 13 किलोमीटर.

ती कशासाठी टाकली? 1896 च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, 1898 साली. दाटीवाटीच्या शहरातली माणसं उपनगरांत मोकळ्या जागेत हलवायची, हा त्याचा एक हेतू. मोकळी जमीन साष्टीत भरपूर होती. पण जिथे जायला गाडी नाही तिथे घर कोण घेणार? म्हणून आधी रेल्वे, मग वस्ती, असा तो बेत होता.

चेंबूरच्या बाजूला रूळ त्याआधीच पोचले होते, पण माणसांसाठी नव्हेत. कुर्ला–चेंबूर मार्ग 1906 साली टाकला तो शहराचा कचरा बाहेर नेऊन टाकायला. प्रवाशांसाठी तो 1924 साली खुला झाला. देवनारचं डम्पिंग ग्राउंड 1927 चं. चेंबूर, गोवंडी, मानखुर्द या पट्ट्याशी मुंबईचं पहिलं नातं असं कचऱ्याच्या डब्यांतून जुळलं, हे कडू असलं तरी खरं आहे.

रूळ चढ का टाळतात

जुनी रेल्वे उखडल्यावरही तिची खूण जमिनीवर का राहते, हे कळायला आधी चाक समजून घ्यावं लागेल.

स्टीलच्या ताटात स्टीलची वाटी ठेवून बोटाने ढकला. सहज सरकते. तीच वाटी सतरंजीवर ढकलून पाहा. रेल्वेचं चाक आणि रूळ दोन्ही स्टीलचे. ते एकमेकांना टेकतात ती जागा नाण्याएवढी छोटी. त्यामुळे सपाट रुळावर एक टन वजनाचा डबा चालता ठेवायला जेमतेम दोन-तीन किलो वजन उचलण्याइतका जोर पुरतो. एवढ्या थोड्या ताकदीत एवढं ओझं वाहता येतं, हीच रेल्वेची सगळी कमाई.

पण या कमाईला एक अट आहे. चढ नको. दर 100 मीटरला 1 मीटर चढला, की प्रत्येक टनामागे आणखी 10 किलोंचा भार मागे ओढू लागतो. म्हणजे जोर एकदम चार-पाच पट लागतो. सायकलवरून जाताना आपल्याला जाणवतही नाही असा हा चढ, इंजिनाला मात्र घाम फोडतो. बोरघाटात चढ 37 ला 1 आहे, म्हणून तिथे गाडीला मागून जादा इंजिनं ढकलतात.

वळणाचंही तसंच. रेल्वेची दोन चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असतात, दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं. वळणावर बाहेरचा रूळ लांब, आतला आखूड. मग हिशेब जुळतो कसा? चहाचा कागदी कप टेबलावर आडवा टाकून घरंगळवा. तो सरळ न जाता गोल फिरतो, कारण त्याचं एक टोक मोठं आणि दुसरं लहान. रेल्वेचं चाक असंच किंचित निमुळतं असतं. वळणावर डबा जरासा बाहेर सरकतो, बाहेरचं चाक आपल्या जाड भागावर धावतं, आतलं बारीक भागावर. हिशेब जुळला. पण ही सोय हलक्या वळणापुरतीच. वळण तीव्र झालं की चाकाची कड रुळाला घासते आणि कर्कश किंचाळी ऐकू येते.

म्हणून रेल्वेचा मार्ग आखणारा माणूस टेकडी खोदतो, खळग्यात भराव घालतो, लांबचा वळसा घेतो, पण चढ आणि कोपरा टाळतो. रूळ उचलले तरी ही सपाट, लांबच लांब, हळूच वळणारी पट्टी जमिनीवर राहते. अशी आयती पट्टी मिळाली की रस्ता करणाऱ्याला आणखी काय हवं?

रिकाम्या मांडवाचा हिशेब

आता प्रश्न, चांगली चालती रेल्वे बंद का होते?

लग्नाचा हॉल घेतला की भाडं ठरलेलं. 500 पाहुणे येवोत की 50, हॉलवाला कमी करत नाही. रेल्वेचा खर्च या हॉलच्या भाड्यासारखा असतो. रूळ, खडी, स्लीपर, सिग्नल, फाटकं, स्टेशन मास्तर, सांधे बदलणारा, रोज पायी रूळ तपासणारा गँगमन, हे सगळं दिवसात दोन गाड्या धावल्या तरी लागतं आणि वीस धावल्या तरी लागतंच. प्रवासी वाढले की हा खर्च अनेकांत वाटला जातो. प्रवासी आटले की उरलेल्यांच्या माथी बसतो.

बसचं गणित वेगळं. ती ज्या रस्त्यावरून धावते तो तिच्या एकटीचा नाही. बैलगाडी, सायकल, ट्रक, सगळे त्याचे वाटेकरी. त्यामुळे थोड्या माणसांना नेण्यात बस स्वस्त पडते, आणि लोंढे न्यायचे असतील तर रेल्वेला तोड नाही.

साष्टीच्या रेल्वेकडे लोंढा नव्हता. मुंबईचा नकाशा हातात घ्या. शहर दक्षिणेला निमुळतं होत गेलेलं. कचेऱ्या, गोदी, बाजारपेठ, सगळं त्या टोकाला. सकाळी साऱ्यांची तोंडं दक्षिणेकडे, संध्याकाळी उत्तरेकडे. पश्चिम आणि मध्य रेल्वे या उभ्या ओढीवर जगतात. अंधेरी–ट्रॉम्बे रेल्वे होती आडवी. त्या काळी अंधेरीच्या माणसाचं चेंबूरला काय काम? आणि ट्रॉम्बेला उतरून पुढे तर खाडीच. त्यात 1929 पासून जगभर मंदी.

जवळच आकाशातही हालचाल सुरू झाली होती. जुहूचं विमानतळ 1928 चं, म्हणजे या रेल्वेच्याच वयाचं. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. पुढे सांताक्रूझला मोठं विमानतळ झालं. रेल्वे बंद होण्याचा संबंध या विमानतळासाठी लागलेल्या जमिनीशी जोडला जातो. ओस पडलेल्या मांडवाची जागा मागायला कुणी आलं, तर मांडववाला फार वेळ नाही म्हणत नाही.

नियतीचा खेळ असा, की ट्रॉम्बेला माणसांची रीघ लागली ती रेल्वे गेल्यावर वीस वर्षांनी. 1954 मध्ये तिथे अणुऊर्जेचं केंद्र सुरू झालं, 4 ऑगस्ट 1956 रोजी ‘अप्सरा’ अणुभट्टी चालू झाली, त्याच सुमारास माहुलला तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहिले, मग खत कारखाना आला. कुर्ल्याहून ट्रॉम्बेकडे आजही मालगाड्या जातात. अंधेरीकडचा अर्धा भाग मात्र कायमचा पुसला गेला.

स्टेशन मरण्याच्या तीन तऱ्हा

बंद पडलेली स्टेशनं एकाच रोगाने मरत नाहीत.

पहिली तऱ्हा, तंत्र बदलतं. 1863 साली बोरघाटातली रेल्वे सुरू झाली तेव्हा खंडाळ्याजवळ एक ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होतं. जिना चढताना आपण चौकात पोचतो आणि पाठ फिरवून उलट्या दिशेने पुढच्या पायऱ्या चढतो, तसंच. गाडी तिथे थांबायची, इंजिन एका टोकाचं सोडून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने घाट चढायची. 1920 च्या दशकाच्या अखेरीस नवे बोगदे काढून थेट मार्ग झाला आणि त्या स्टेशनचं कामच संपलं.

दुसरी तऱ्हा, जमीन महाग होते. पश्चिम रेल्वे आज चर्चगेटला संपते. पण पूर्वी ती पुढे कुलाब्यापर्यंत जायची. तिथे टोलेजंग टर्मिनस होतं. समुद्र हटवून नवी जमीन काढायच्या योजनेत रूळ आड येऊ लागले, आणि 31 डिसेंबर 1930 ला कुलाबा स्टेशन बंद झालं. त्या जागी आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे.

तिसरी तऱ्हा सगळ्यांत जास्त आढळणारी. माणसं आटतात. याचं नमुनेदार उदाहरण पाहायला आयर्लंडला जावं लागेल.

आयर्लंडमधला आरसा

आयर्लंडचा पश्चिम किनारा आपल्या कोकणासारखा. पाऊस, खडक, तुटपुंजी शेती, घरटी एक माणूस परदेशात. 1889 च्या सुमारास ब्रिटिश मंत्री आर्थर बाल्फोर यांनी सरकारी पैशाने तिथे छोट्या शाखा रेल्वे काढायचं ठरवलं. रेल्वे नेली की दारिद्र्य हटेल, ही कल्पना. त्यातून 1895 साली गॉलवे ते क्लिफडेन हा सुमारे 77 किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. वाटेत माळरानावर माम क्रॉससारखी एकाकी स्टेशनं. मासळी, मेंढरं आणि अमेरिकेला निघालेली मुलं या गाडीने गेली.

मग 1920 च्या दशकात बस आणि लॉरी आल्या. स्टेशन गावापासून दूर, बस थेट गावात. हॉलचं भाडं तेच आणि पाहुणे निम्मे. 1935 साली हा मार्ग बंद झाला, आपल्या साष्टीच्या रेल्वेनंतर अवघ्या वर्षभराने. शेजारचा वेस्टपोर्ट–अ‍ॅकिल मार्ग 1937 मध्ये गेला.

अ‍ॅकिलच्या मार्गाचं पुढे जे झालं ते आपल्या कामाचं आहे. त्या सपाट पट्टीवर आता सुमारे 42 किलोमीटरचा सायकल मार्ग आहे आणि लहान मुलंही त्यावरून न धापा टाकता जातात. इंजिनाला चढ नको म्हणून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केलेली मेहनत आज सायकलवाल्याच्या पायांना सुख देते. त्यांनी रेल्वेची पट्टी ओळखून जपली. आपण तिच्यावर डांबर टाकलं आणि नाव विसरलो.

मानखुर्द कसं वाचलं

आता घरी येऊ. हार्बर मार्गाच्या लोकलने वाशीकडे जाताना मानखुर्द सुटलं की डब्यातला आवाज बदलतो. खडखडाट पोकळ होतो, खारा वारा आत शिरतो, खिडकीतून तिवरं आणि चिखल दिसतो, हिवाळ्यात रोहित पक्षीही. दाराशी उभी असलेली एखादी आजी पिशवीतून निर्माल्य काढून खाडीत सोडते आणि हात जोडते. गाडी खाडीपुलावर असते.

1992 पर्यंत हा आवाज नव्हता. हार्बरची गाडी मानखुर्दला संपायची. शेवटचं स्टेशन चालवणं तसं कटकटीचं असतं. वाफेच्या काळी इंजिन सोडायचं, बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला आणायचं, पुन्हा जोडायचं. लोकलला दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असल्याने हे वाचतं. मोटरमन प्लॅटफॉर्मवरून चालत शेवटच्या डब्याकडे जातो आणि तोच पहिला डबा होतो. तरी गाडी रिकामी होऊन उलटी फिरेपर्यंत रूळ अडून राहतो. शिवाय शेवटच्या स्टेशनला प्रवासी एकाच बाजूने मिळतात. पलीकडे पाणी.

फरक पडला तो पलीकडच्या काठावर. 1970 साली सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई वसू लागली. 1973 मध्ये मोटारींचा खाडीपूल झाला. मग रेल्वेचा पूल. मानखुर्द–बेलापूर मार्गाचा दोन-तृतीयांश खर्च सिडकोने उचलला आणि एक-तृतीयांश रेल्वेने. ज्याची जमीन गाडीमुळे महाग होणार त्याने गाडीचे पैसे भरायचे, हे तत्त्व इथे रोकड्यात उतरलं. मे 1992 मध्ये लोकल वाशीला पोचली, 1993 मध्ये बेलापूरला, 1998 मध्ये पनवेलला.

ट्रॉम्बेची प्रवासी गाडी आणि मानखुर्दची लोकल, दोन्ही पूर्वेच्या खाडीकाठी येऊन थांबल्या होत्या. एकीला पुढे कुणी वाट करून दिली नाही, दुसरीला पूल मिळाला. शेवटचं स्टेशन एका रात्रीत मधलं झालं. आज पनवेलची लोकल मानखुर्दला येते ती आधीच भरून, आणि स्टेशनवरचा माणूस दाराच्या दांडीला हात पोचेल का याचा अंदाज घेत उभा असतो. ही गर्दी म्हणजेच हॉलचं भाडं फिटल्याची पावती.

ऐंशी वर्षांनी तीच वाट

साष्टीची आडवी रेल्वे चुकीची होती का? वाट बरोबर होती, वेळ चुकली. अंधेरीत कारखाने आले, मग कचेऱ्या आल्या. वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. सगळ्यांची तोंडं आता दक्षिणेकडे राहिली नाहीत. 1934 मध्ये गाडी बंद झाली, आणि बरोबर 80 वर्षांनी, 8 जून 2014 रोजी, वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली. 11.4 किलोमीटर, आडवी. त्याच वर्षी सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्ताही खुला झाला, कलिना आणि कुर्ल्यातूनच.

आता मेट्रो 2बी येते आहे. अंधेरीतल्या डी. एन. नगरहून कुर्ला, चेंबूर, मानखुर्द करत मंडाळ्यापर्यंत. चेंबूर ते मंडाळे या तुकड्यावर एप्रिल 2025 मध्ये चाचण्या सुरू झाल्या. अंधेरी, कुर्ला, चेंबूर, तुर्भे मंडाळे. 1928 चीच टोकं आणि 1928 चीच दिशा, गाडी तेवढी खांबांवर चढली.

थोडक्यात

• सीएसटी रोड हे नाव ‘सेंट्रल साल्सेट ट्रामवे’वरून आलं. अंधेरी–कुर्ला–ट्रॉम्बे रेल्वे, 1928 ते 1934.
• स्टीलच्या चाकाला चढ आणि कोपरे झेपत नाहीत, म्हणून जुन्या रेल्वेची सपाट पट्टी मागे उरते.
• रेल्वेचा बहुतेक खर्च ठरलेला असतो. प्रवासी कमी झाले की तो अंगावर येतो.
• स्टेशनं मरतात ती तंत्र बदलल्याने, जमीन महाग झाल्याने किंवा प्रवासी आटल्याने.
• टोकाचं स्टेशन जगणार की नाही, हे टोकाच्या पलीकडे काय वसतं यावर ठरतं. मानखुर्दला 1992 चा पूल मिळाला.

जाता जाता एक मागणी. त्या रस्त्यावरच्या पाट्यांवर नुसतं ‘सीएसटी रोड’ न लिहिता खाली बारीक अक्षरांत एक ओळ लिहावी: सेंट्रल साल्सेट ट्रामवे, 1928–1934. खर्च रंगाच्या एका डब्याचा. पाहुण्याचा पेच सुटेल, आणि आपण रोज कुणाच्या भरावावरून जातो हे कुर्लेकरांनाही कळेल.